दीड टन

गेल्या वर्षी मे महिन्यात आजी भर दुपारी चक्कर येऊन पडली. थोडक्यात निभावलं. पण त्या दिवसापासून पप्पांनी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्याआधी तिच्या खोलीत एसी लागलाच पाहिजे. आम्ही वडोदऱ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर गच्ची, आणि आजीची भिंत पश्चिमेची.

दुकानदार खोली न बघताच म्हणाला, "बेन, बे टन लई लो!" पप्पा लगेच तयार. घाबरलेल्या माणसाला मोठंच माप बरं वाटतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी. शब्द अडला की मला चैन पडत नाही. शोधलं, तर 'टन' म्हणजे मशीनचं वजन नव्हेच! पूर्वी थंडावा बर्फात मोजायचे. एक टन, म्हणजे २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॉट. एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णतेचा पंप आहे. विहिरीतून पाणी उपसावं तशी आतली उष्णता बाहेर टाकतो. पंप गरजेपेक्षा मोठा घेतला, तर खोली झटकन गार होते, मशीन थांबतं आणि हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात मग खोली गार, पण चिकट.

मी टेप घेऊन खोली मोजली. दहा बाय बारा, १२० चौरस फूट. "पप्पा, एक टन पुरे. उगाच पैसे घालवू नका," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

पप्पा काही बोलले नाहीत. रात्री नऊ वाजता मला आजीच्या खोलीत नेलं आणि माझा हात भिंतीवर ठेवला. भिंत अजून तापलेलीच होती. मग विचारलं, "अगं, संध्याकाळी माळ म्हणायला इथे किती जण बसतो आपण?"

"सहा."

शांत बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता सोडतं, हे मी वाचलं होतं. सहा जणांचे ६००. पण माझ्या कागदावर नुसती खोली होती. त्यात भिंतही नव्हती आणि माणसंही नव्हती.

शेवटी दीड टनाचा घेतला. त्याआधी मी आणि पप्पांनी गच्चीला पांढरा चुना मारला, खिडकीला जाड पडदा लावला.

गेल्या उन्हाळ्यात माळ कशीबशी संपवून आम्ही सगळे गच्चीवर पळायचो. आजी एकटीच आत राहायची. यंदा शेवटचं 'आमेन' झालं तरी कोणी उठत नाही. आजी शाल ओढून घेते आणि म्हणते, "दार लावा रे, गारवा जातो."