सव्वा डेसिबलचा मोह

मित्र महिनाभर परगावी निघाला आणि जाताना त्याचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांतून आवाज उभा करणारं यंत्र, माझ्याकडे ठेवून गेला. "ऐकून बघ, मग बोलू." खोकं दोन हातांनी उचलावं लागतं. किंमत त्याने सांगितली नाही. मी ती शोधली, पण बायकोला सांगितली नाही. माझा डॅक काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा. शिवाय फोनला हेडफोन लावायची बोटभर केबल आहेच. तिच्या टोकातही डॅकच असतो, हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते.

*

काम तिघांचंही एकच. सीडीवर डाव्या-उजव्या बाजूचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. त्यांवरून विजेचा सलग हेलकावा पुन्हा उभा करायचा. आकड्यांच्या मधलं गाणं गळून जातं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. २२,०५० हर्ट्झच्या खालचं सगळं या आकड्यांतून पुन्हा बांधता येतं. शॅननने ते गणित १९४९ सालीच छापून ठेवलंय. माझे कान १२,००० च्या पुढे तसेही हजर नसतात.

*

४४,१०० हा आडनिडा आकडा आला कुठून? सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. जपान-अमेरिकेच्या टीव्हीच्या हिशेबाने ६० × २४५ × ३, युरोपच्या हिशेबाने ५० × २९४ × ३. दोन्हींचं उत्तर ४४,१००. टीव्हीच्या रेघा मोजून ठरलेल्या मापात आपण मालकंस ऐकतो.

*

पहिली रात्र. किशोरीताईंचा भूप लावला, आधी माझ्या डॅकवर, मग मित्राच्या. वहीत लिहिलं: "तानपुरा जवळ आला. जवारी उलगडली. दोन सुरांमधली शांतता जास्त काळी." शेवटच्या वाक्यावर मी खूश होतो.

*

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावला. माझा डॅक पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतो, मित्राचा २.३. फरक सव्वा डेसिबलच्या आतबाहेर. म्हणजे काल रात्रभर मी एकच गाणं एकदा हळू आणि एकदा किंचित मोठ्याने ऐकत होतो. इतकी थोडी वाढ कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. 'चांगला आवाज' म्हणून कळते. शोरूममधल्या कित्येक विक्री या एका खोडीवर होत असाव्यात.

वहीतलं वाक्य खोडलं नाही. शेजारी '२.३' लिहिलं.

*

बोटभर केबल तर जेमतेम १ व्होल्ट देते. दोनाचा एक झाला की ६ डेसिबल गेले. मग ती 'पातळ', 'निर्जीव' वाटते यात तिचा काय दोष?

*

तुलना करायची रीत. ४०० हर्ट्झचा सलग सूर लावायचा (स्वस्त मीटर याच्या फार वर गेलं की भरवशाचं राहत नाही). जास्त व्होल्ट देणाऱ्याचा आवाज लॅपटॉपमधून उतरवत आणायचा, दोन्हींत एक टक्क्याहून जास्त फरक उरू द्यायचा नाही. मग कुठला चालू आहे ते ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. पहिली अट पाळायला पंधरा मिनिटं लागतात. दुसरी पाळायला धैर्य.

*

भाची सुट्टीला आली होती, तिला कपाटाआड बसवलं. १६ फेऱ्या. दर फेरीला तिने नाणं उडवायचं, त्याप्रमाणे तार लावायची, मी नाव सांगायचं. १२ बरोबर आले तर मानायचं, कारण नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी.

माझे ९ आले.

"मामा, तू चार वेळा 'हा, हाच तो महागडा' म्हणालास ना, तेव्हा मी तार बदललीच नव्हती."

मग मी कपाटाआड गेलो. तिचे ७ आले. तिला काहीच वाटलं नाही. तिने वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

*

अगदी डॅकची नव्हे, पण शेजारची गोष्ट. बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये असाच प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या डिस्कवरचं संगीत एकदा थेट ऐकवायचं, एकदा सीडीच्या मापातून गाळून. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर. नाणंही साधारण एवढंच सांगतं.

*

म्हणजे सगळे डॅक सारखेच? नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ऐकलं तर माउस हलवला की बारीक किरकिर येते. ती बायकोलाही ऐकू येते आणि त्याला परीक्षा लागत नाही. माझ्या काड्यापेटीने ती घालवली. मात्र लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची गुरगुर सुरू होते, चार्जर काढला की थांबते. ती मित्राच्या खोक्यातही जशीच्या तशी आली. अर्थिंगला किंमत कळत नाही.

*

जुन्या चिपांचे भक्त वेगळे. फिलिप्सचे पहिले सीडी प्लेअर १४ बिटांच्या चिपवर चालत, आकडे चौपट करून कसर भरून काढत. पुढे काहींनी हे चौपट करणंच काढून टाकलं आणि गाळणीही काढली. असा डॅक २०,००० हर्ट्झपाशी सुमारे ३ डेसिबलने खाली येतो, म्हणून 'मऊ' वाटतो. मऊपणा खरा आहे, मोजताही येतो. मुद्दाम बोथट केलेली धार आहे ती.

*

१६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. आमच्या दिवाणखान्यात पंखा आहे, समोर रस्ता आहे, साडेआठला शेजारी कुकरच्या शिट्ट्या आहेत. सूक्ष्मातलं सूक्ष्म त्या पंख्याखालीच बुडून जातं. डॅक बदलण्याआधी पंखा बंद करून बघितला. मे महिना होता. दहा मिनिटं टिकलो.

*

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक तुकडा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की तार एकदम बोलायला लागते किंवा मुकी होते. मिरजेत जवारी काढणारे कारागीर हे कानाने करतात. तो फरक ऐकायला कुणाला कपाटाआड बसवावं लागत नाही.

त्या हिशेबाने काल स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढे ओढले. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आज डग्गा घुमत नाहीये." तिला मी काही सांगितलं नव्हतं.

*

मित्र परत आला. खोकं पुसून दिलं. "कसा वाटला?" मी वही पुढे केली. त्याने पहिलं पान वाचलं, मान डोलावली, शेजारच्या '२.३'वर थांबला. मी म्हणालो, "मल्टिमीटर घेऊन जा हवा तर, भाचीही आहे अजून चार दिवस."

त्याने वही मिटली. "नको," तो म्हणाला, "राहू दे."