पायाखालचं पाणी

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. घरात रोज मासळी असायची, पण मासे पकडणं हे दादाचं काम. शाळेतून आला की तो गरी घेऊन बंदरावर गरवायला पळायचा, आणि मी आईशेजारी विळीवर मासे साफ करायला बसायचे. गरी म्हणजे गळ, एवढं मला माहीत होतं. ती पाण्यात पडल्यावर पुढे काय होतं, हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधी पाहिलंच नव्हतं.

गेल्या जूनमध्ये अटलांटाजवळच्या लेनियर तलावावर ती संधी आली. नवऱ्याच्या मित्राने त्याच्या नावेची किल्ली दिली आणि सांगितलं, "नाव सोडू नका, धक्क्यालाच राहू द्या. संध्याकाळी तिच्यावर बसून मासे धरा." हा तलाव कोयनेच्या शिवसागरासारखा, धरणाचा. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधलं, आणि १९५६ साली पाणी अडून तलाव भरू लागला. तो भरतो तसा उतरतोही, म्हणून मरीनातले, म्हणजे नावांच्या वाहनतळातले, धक्केही तरंगते असतात. मला ते ठाऊक नव्हतं. मी पाऊल ठेवलं, फळ्या हलल्या, आणि बंदरावर वाढलेल्या मी घाबरून खांबाला मिठी मारली.

दुकानात गांडुळं मागितली, तर काउंटरवरच्या मुलीने आधी परवाना आहे का विचारलं. जॉर्जिया राज्यात सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला मासे धरायला परवाना लागतो. रांग खोळंबवून तिथेच फोनवर तो काढला. गांडुळं थंड पेयांशेजारी फ्रिजमध्ये होती, ओल्या मातीच्या डब्यात. थंडाव्यात ती जास्त दिवस जगतात, असं ती म्हणाली. एवढी साधी गोष्टही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

नावेवर बसून गळ बांधला. साडीच्या फॉलला मारते तशी गाठ मारली, ओढून पाहिली, तर दोरा सरळ सुटून आला. शेजारच्या नावेवर एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्या हातातून गळ घेतला, दोरा त्याच्या डोळ्यातून ओवला, मूळ दोऱ्याभोवती सहा वेढे दिले, आणि टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत आणलं. मग त्यांनी गाठ तोंडात धरून ओली केली आणि हळूहळू आवळली. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो, असं त्यांनी सांगितलं. मी चार वेळा बांधली, तेव्हा पाचवी टिकली.

मग फेकणं. माझ्या रिळाला अंगठ्याखाली एक बटण होतं. ते दाबून धरायचं, काठी मागे न्यायची, पुढे आणताना सोडायचं. लवकर सोडलं की गळ आकाशात, उशिरा सोडलं की पायाशी पाण्यात फटकन आवाज. मासे आत खोल पाण्यात असणार या समजुतीने मी सगळा जोर लावला. गळ आजोबांच्या नावेच्या दोरखंडात जाऊन रुतला. तो सोडवून देत ते म्हणाले, "इतक्या लांब कशाला? मासे तुमच्या पायाखाली आहेत." दिवसभराच्या उन्हात छोटे मासे धक्क्याच्या आणि नावांच्या सावलीत येऊन राहतात. मी वाकून पाहिलं. नावेच्या कडेला, हातभर खाली, काळसर पाठींचा अख्खा थवा स्थिर उभा होता.

गळ सरळ खाली सोडला. दोऱ्याला बॉबर होता, म्हणजे तरंगणारा लालपांढरा चेंडू. तो बुडाला की मासा लागला. तो थरथरायचा, पण बुडायचा नाही, आणि दर वेळी गळ रिकामा वर यायचा. मी अख्खं गांडूळ लावत होते. या माशाचं तोंड वाटाण्याएवढं, त्यामुळे तो लोंबतं टोक कुरतडून निघून जायचा. नखाएवढा तुकडा लावायचा, हे कळेपर्यंत अर्धा डबा संपला होता.

तेवढ्यात माझ्या कोपराने जाळी पाण्यात पडली आणि डोळ्यांदेखत बुडू लागली. मला उत्तम पोहता येतं, म्हणून मी चप्पल काढून पाय खाली सोडले. आजोबा एवढ्या मोठ्याने ओरडले की मी जागीच थिजले. बांधलेल्या नावांना किनाऱ्यावरून वीज दिलेली असते. एखाद्या नावेची वायर बिघडली तर ती वीज पाण्यात उतरते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. गोड्या पाण्यातून तितकी वाहत नाही. त्यापेक्षा माणसाचं शरीर तिला सोपी वाट देतं. स्नायू आखडतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. वरून काहीच दिसत नाही. समुद्रावर शिकलेलं पोहणं या पाण्यात कामाचं नव्हतं. मी पाय वर घेतले.

साडेआठच्या सुमारास बॉबर एकदम नाहीसा झाला. मी काठी उचलली आणि तळहाताएवढा मासा उन्हात तळपला. ब्लूगिल, कल्ल्याच्या कडेला निळी झाक, छातीवर केशरी रंग. मी कोरड्या हाताने शेपटीकडून धरायला गेले आणि पाठीचे काटे बोटात घुसले. आजोबांनी दाखवलं: हात आधी ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थर म्हणजे त्याचं रोगापासून संरक्षण. मग डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवायचा, काटे आपोआप मिटतात. आयुष्यात हजारो मासे माझ्या हातून गेले, पण जिवंत माशाची धडधड मुठीत पहिल्यांदाच लागली. मी त्याला पाण्यात सोडला.

अंधार पडल्यावर धक्क्याचे दिवे लागले. उजेडावर किडे आले, त्यांच्यामागे बोटभर मासे, आणि त्यांच्यामागे काळ्या ठिपक्यांचे क्रॅपी. एक लागला. तो सुटू नये म्हणून मी जोरात झटका दिला, आणि दोरा हलका झाला. क्रॅपीच्या ओठाचा पडदा कागदासारखा पातळ असतो. गळ तो फाडून निघाला होता. माझ्या घाईने त्या जिवाला जखम झाली, याचं मला फार वाईट वाटलं.

सव्वानऊला मी दादाला फोन लावला. वेंगुर्ल्यात पावणेसात वाजले होते, तो चहा पीत होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, "तो चेंडू कित्याक लावलंस गो? काढून टाक. मासो बोटाक कळता, डोळ्यांक नाय."

बॉबर काढला. दोरा काठीच्या टोकातून सरळ खाली सोडला आणि रिळापुढे तर्जनीवर अलगद धरला. आधी फक्त नावेचं डोलणं बोटात येत होतं. मग दुसऱ्या कुणाची तरी लाट धक्क्याखालून गेली, तीही कळली. मग फार हलकं, दारावर नखाने वाजवावं तसं काहीतरी. मी झटका दिला नाही. दादाला एवढंच म्हटलं, "थांब, फोन ठेवू नको."