एका बाकावर

परवा टपालाने गोव्याहून एक पत्रिका आली. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, अगत्य यावे. सौभाग्यवतीने ती वाचली, एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिले आणि काही न बोलता पत्रिका कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली. गुडघ्यांबद्दलचे तिचे मत मला मान्य आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती मात्र गुडघ्यांमुळे नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तोंडातून गेलेला एक शब्द रात्रभर उशाशी येऊन बसला होता.

म्हापशाचे सेंट झेवियर्स कॉलेज १९६३ साली सुरू झाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्याआधी आमच्याकडच्या मुलाला बी. ए. व्हायचे तर मुंबई, पुणे नाहीतर धारवाड गाठावे लागे. आता अस्नोड्याला सकाळच्या कारेरीत बसावे (बसला आम्ही कारेर म्हणत असू) आणि म्हापशाला उतरताच मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी व्हावे! १९६५ च्या जूनमध्ये मीही तसाच झालो. कॉलेज इतके लहान की कोण आले नाही हे हजेरीपूर्वीच कळत असे. शिकवणाऱ्यांत पांढऱ्या झग्यातले फादर होते. तास सुरू होण्याआधी प्रार्थना होई. आम्ही हिंदू मुले नुसती उभी राहत असू. हात जोडा की क्रूस करा, असे आम्हाला कोणी सांगितले नाही.

पहिल्याच दिवशी जो मुलगा बाकावर शेजारी येऊन बसला, तो पुढे दीड वर्ष तिथेच होता. त्याचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. वर्षावर्षाने घरी येत. घर चालवायची ती आई. आमची मैत्री जमली ती डब्यांमुळे. सोमवारी माझ्या डब्यात मासळी नसे, शुक्रवारी त्याच्या डब्यात मांस नसे; म्हणजे आठवड्यातून दोन दिवस आम्ही एकमेकांची कीव करीत असू. पहिल्या नाताळात त्याच्या आईने आमच्या घरी ताट पाठवले. त्यात नेवऱ्या होत्या, दोदोल होते. माझ्या आईने नेवरी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "ही तर आपल्या चवथीचीच!"

माझे इंग्रजी पुस्तकी होते, ते त्याने बोलते केले. त्याला देवनागरी येत नव्हती. कोंकणी तो रोमन लिपीत वाचायला शिकला होता, आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून. मधल्या सुट्टीत मी त्याला अक्षरे गिरवायला लावी. पहिला शब्द त्याने स्वतःच्या मनाने लिहिला, 'नुस्तें'. मासळी! सगळी अक्षरे त्याला वश झाली. फक्त 'क्ष'पाशी तो अडे. "हे अक्षर आहे की गाठ मारलेला सुंभ?" असे विचारी. वाचताना ओळीखालून बोट फिरवायची त्याची सवय मात्र गेली नाही.

मग १९६६ साल सरत आले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, याचा जनमत कौल घ्यायचे ठरले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे दोन पाने. भिंती रंगल्या, घरे दुभंगली, तिथे आमच्या बाकाची काय कथा? मी फुलाचा आणि तो पानांचा. मी 'गोमंतक' घेऊन येई. त्याने 'राष्ट्रमत' आणायला सुरुवात केली. हे दैनिक मराठीत निघे आणि विलीनीकरणाविरुद्ध लिही. ज्याला मी अक्षर ओळख करून दिली, तो त्याच अक्षरांत बोट ठेवून माझे मुद्दे खोडू लागला. गुरूला याहून मोठी गुरुदक्षिणा ती कोणती? पण तेव्हा मला हसू आले नाही.

कोंकणी ही मराठीची बोलीच, असे मी त्याला ठासून सांगत असे. सांगत असे ते कोंकणीत! मराठी मी वाचत होतो, लिहीत होतो, तिच्यावर जीव टाकत होतो; पण संतापलो की तोंडात आईची भाषा येई. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे जावी लागली. आणखी एक गंमत म्हणजे तेव्हा मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळे. आम्ही दोघे एकोणीस वर्षांचे. ज्यांना मतच नव्हते तेच सर्वांत मोठ्याने भांडत होते.

डिसेंबरातल्या एका दुपारी माझ्याजवळचे मुद्दे संपले. भर वर्गात मी म्हणालो, "तू पाकल्यांचाच! जा लिस्बनला!" पाकले म्हणजे पोर्तुगीज गोरे. ज्याचे घर, विहीर, आजा-पणजांची थडगी सारे बार्देशात, त्याला मी परका ठरवले होते. त्याने वर्तमानपत्राची घडी केली, पुस्तके उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. त्या नाताळाला आमच्या घरी ताट आले नाही.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. निकालानंतर दोन दिवस मी कॉलेजला गेलोच नाही. गेलो तेव्हा पानवाली मुले नाचत होती. तो त्यांच्यात नव्हता. खाली मान घालून काहीतरी लिहीत बसला होता. त्याने मला चिडवले असते तर बरे झाले असते.

एप्रिलमध्ये म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त आले. शिरगावची लईराई आणि ही सायबीण बहिणी-बहिणी, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे ख्रिस्ती जातात तसे हिंदूही तिला तेल घालायला जातात. आई दरवर्षी जाई. तेलाची बाटली धरून मी तिच्या मागे चाललो होतो, तोच गर्दीत समोर तो आणि त्याची आई. दोन्ही आया थांबल्या. भांडणाचे माझ्या आईला काहीच ठाऊक नव्हते. तिने सरळ विचारले, "यंदा नाताळाचं ताट नाही आलं. आमचं काही चुकलं का?"

मी बाटलीच्या बुचाकडे पाहत राहिलो. बोलायचे मी होते. तो माझ्या आधी बोलला, "तुमचं नाही, चूक माझी. ताट पोचवायचं काम माझं होतं. आळस केला." मग त्याने माझ्या हातातली बाटली घेतली आणि गर्दीतून वाट काढीत आईला आत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्या बाकावर होता. त्या दिवाळीला आमच्या घरचे गोडाचे फोव त्याच्याकडे गेले, नाताळाला ताट आले. त्या शब्दाचा विषय ना त्याने काढला, ना मी.

पदवी घेऊन मी मुंबईला बँकेत लागलो. तो आखातात गेला, पुढे मुलाकडे इंग्लंडला. पत्रे चालू राहिली. १९८७ साली गोव्यात राजभाषा कायदा झाला. कोंकणी राजभाषा ठरली, पण देवनागरीतली. मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. त्या नाताळाच्या कार्डावर त्याने देवनागरीत लिहिले, "तुवें अक्षरां शिकयलीं तें बरें जालें. म्हजे आवयक आतां कोण शिकयतलो?" ज्या लिपीत त्याच्या आईने जन्मभर प्रार्थना वाचली, ती कायद्याबाहेर राहिली होती. वीस वर्षांपूर्वी मीही तिला, आणि त्याला, असेच बाहेर ठेवले होते. उत्तरात मी हवापाण्याचे लिहिले.

मेळाव्याला तो येणार असल्याचे कळले आहे. पत्रिका मी कॅलेंडरमागून काढून घेतली. गुडघ्यांचे काय व्हायचे ते होवो, मी जाणार. त्याआधी हा अंक त्याला पाठवीन. वाचायला त्याला कोणाची मदत लागायची नाही. ओळीखालून बोट फिरवीत तो इथवर येईल आणि नेहमीप्रमाणे एका अक्षरापाशी अडेल. गड्या, अडलास तरी तो शब्द पुरा वाच. साठ वर्षे मला तो लिहिता आला नाही.

क्षमा कर.