किनाऱ्यावरचे सात तास

वेस्ट इंडीज नकाशात कुठे आहे हे ठाऊक नव्हते, तेव्हापासून ते नाव आमच्या घरात होते. वडील १९७१च्या दौऱ्याची कथा पुराणासारखी सांगत: वाडेकर कप्तान, गावसकर नवखा, चार कसोट्या आणि ७७४ धावा. पुढे एम.ए.ला तौलनिक साहित्याच्या निमित्ताने त्याच बेटांकडे दुसऱ्या वाटेने जाणे झाले. सेंट लुसियाचा डेरेक वॉलकॉट भेटला, अँटिग्वाची जमैका किंकेड भेटली. किंकेडचे ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) हे छोटेखानी पुस्तक मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवते. त्याच्या आरंभी लेखिका विमानातून उतरणाऱ्या पर्यटकाला थेट संबोधते आणि त्याच्या भाबड्या आनंदाची एकेक साल काढत जाते. विद्यार्थ्यांना तो भाग आवडतो. मलाही आवडत असे, कारण तो पर्यटक मी नव्हते.

२०२३च्या उन्हाळी सुट्टीत मी तो झाले.

न्यू जर्सीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीने बोटीची सफर ठरवली. ‘ताई, विमानाचं भाडं तुम्ही काढा, बोटीचं आपण वाटून घेऊ,’ असे ती म्हणाली आणि पाठोपाठ तिचे कोष्टक आले. आपल्या पणजोबांच्या पिढीला समुद्र ओलांडून आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. आपल्या पिढीला तो ओलांडण्यापूर्वी कोष्टके भरावी लागतात, एवढाच काय तो फरक. माझी मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, बहिणीचे बाळ दोनाचे. लहान मुले बरोबर असली की निवड जागेची नसतेच, नियमांची असते. लंगोट सुटलेला नसेल तर बोटीवरच्या मोठ्या तलावात उतरता येत नाही. मुलांच्या खोलीत तिनाच्या आतले मूल एकटे ठेवून घेत नाहीत. आम्ही भारतीय पारपत्रधारक, त्यामुळे अमेरिकेतून निघून पुन्हा अमेरिकेत शिरायचे तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, म्हणून मे महिना बरा. बोटी निघतात मायामीहून किंवा पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून. पश्चिमेकडे गेले तर कोझुमेल आणि ग्रँड केमन, दक्षिणेकडे गेले तर अँटिग्वा, सेंट लुसिया, बार्बाडोस. मायामीची वाट स्वस्त होती आणि बोटीवर घसरगुंड्याही जास्त होत्या. मी सान हुआनच्या बाजूने हट्ट धरला. कारण विचारल्यावर ‘हवा चांगली असते’ असे काहीतरी म्हणाले. वॉलकॉटचे नाव घेण्याचा धीर झाला नाही.

किनाऱ्यावरच्या सहलींचे माहितीपत्रक हा स्वतंत्र साहित्यप्रकार मानायला हरकत नाही. त्यात क्रियापदे सगळी आज्ञार्थी, विशेषणे सगळी तमभावी. माणूस दिसतो तो हातात पेला घेऊन हसणारा. आणि प्रत्येक पानावर ‘शोधा’. १४९३मध्ये कोलंबस या बेटाजवळून गेला आणि सेव्हिलमधल्या एका मेरीमूर्तीचे नाव त्याला देऊन मोकळा झाला, तेव्हापासून हे क्रियापद इथे राबते आहे.

अँटिग्वात बोट सात तास थांबणार होती. त्या सात तासांवरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी घर बांधतानाही झाली नव्हती. मुलांना शेपटीवाल्या चपट्या पाकटमाशांबरोबर पाण्यात उभे राहायचे होते. नवऱ्याला सेंट जॉन्समधले ते जुने मैदान पाहायचे होते, जिथे लाराने १९९४मध्ये ३७५ आणि २००४मध्ये नाबाद ४०० धावा केल्या. आणि मला बेटीज होप पाहायचे होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर वसलेला हा उसाचा मळा. १६७४पासून तो कॉड्रिंग्टन घराण्याकडे होता आणि १९४४पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तो कसला. आज तिथे दगडी पवनचक्क्यांचे दोन बुरूज उभे आहेत. त्यातला एक यंत्रासह दुरुस्त केलेला आहे.

‘मुलांना तिथे काय करायचंय?’ बहिणीचा प्रश्न रास्त होता. ‘त्यांना कळायला हवं,’ हे माझे उत्तर वर्गातले होते. अखेर तडजोड झाली. पाकटमासे रद्द झाले, कारण धाकटा नवे पाणी पाहिले की रडतो. मैदान जाता जाता गाडीतून. मळ्यावर एक तास. उरलेला वेळ समुद्रकिनारा. बोटीने नेमलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, स्वतः टॅक्सी केली तर थांबत नाही. तरीही आम्ही टॅक्सी केली. मुलांना लघवीला थांबवायचे तर गाडी आपली हवी.

चालक साठीचे, शांत गृहस्थ होते. गावसकरांचे नाव निघाल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि रिचर्ड्स याच गावचा, एवढे सांगितले. वाट कोरडी होती. नद्या नसलेले हे बेट पावसावर आणि समुद्राचे खारे पाणी गोडे करण्यावर जगते. वाटेत एक मुंगूस आडवे गेले. मुलगी आनंदाने किंचाळली आणि आमच्याकडची पोरे घालतात तशी तिने त्याला तोंड दाखवण्याची शपथ घातली. मुंगूस इथले नव्हे. १८७२मध्ये उसातले उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगुसे जमैकात आणली गेली आणि पुढे बेटाबेटांवर त्यांचा प्रसार झाला. उंदीर राहिले, अँटिग्वाचा बिनविषारी साप मात्र जवळजवळ नाहीसा झाला. मी हे सांगू लागले. मुलीने निम्मे ऐकले. ‘म्हणजे ते आपल्याकडचं आहे!’ एवढेच तिने ठेवून घेतले.

मळ्यावर ऊन होते आणि माणसे नव्हती. बुरुजाच्या आत शिरल्यावर मात्र गारवा लागला. मधोमध लोखंडी रूळ होते. धाकट्याचा चेहरा एकदम उजळला. ‘आई, रसवंती! इथे रस मिळतो?’

तो आमच्या सांगली जिल्ह्याचा मुलगा. चरक त्याने ओळखला, आणि चूक केली नव्हती.

मग त्याने दोन रुळांमधल्या फटीत बोटे घातली.

कॅरिबियन बेटांवरच्या ऊसगिरण्यांत रुळांजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असे, अशा नोंदी आहेत. वारा भरलेली चक्की झटक्यात थांबत नाही. रात्रंदिवस ऊस घालणाऱ्याची झोपेने मान कलली आणि उसाबरोबर हात आत गेला, तर माणूस वाचवण्याचा उपाय एकच उरे. हे मी वाचलेले होते, शिकवलेले होते. एकदा परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. त्या क्षणी ते सारे माझ्या अंगावर आले आणि मी मुलाचा हात इतक्या जोराने ओढला की तो रडू लागला.

‘बंद आहे ना ते यंत्र? मग एवढं का ओढलंस?’ मुलीने विचारले.

ज्या उत्तरासाठी मी स्वस्त वाट सोडली होती, भावंडांशी वाद घातला होता, ते उत्तर ओठांवर होते. मी म्हणाले, ‘गंज लागतो.’

पुढचे तीन तास किनाऱ्यावर गेले. पाणी खरोखरच माहितीपत्रकातल्यासारखे होते, हे नाकारून चालणार नाही. मुले वाळूकडे धावली तेव्हा चालकांनी त्यांना थांबवले आणि लाल पट्टा रंगवलेले एक झाड दाखवले. हे मँचिनील. फळ लहान सफरचंदासारखे, चवीला आधी गोड, मग घसा जाळणारे. पावसात खाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात. त्यांनी हे सावकाश, आवाज न चढवता सांगितले. मुलांनी ऐकले, मान डोलावली आणि झाडापासून दूर जाऊन किल्ला बांधायला बसली. कोणी घाबरले नाही. मी ते पाहत होते. मुलांना भयंकर गोष्ट सांगता येते, हे मला त्या अनोळखी माणसाने दाखवले. मी मात्र तासाभरापूर्वी गंजाची सबब सांगून आले होते. किंकेडच्या पर्यटकाहून मी वेगळी होते ती एवढीच, की मला माहिती होती आणि मी गप्प राहिले.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही गावी चाललो होतो. हंगाम सुरू झाला होता. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या रस्त्याकडेला पडल्या होत्या. मोळ्या बांधणाऱ्या आईशेजारी मुलीच्याच वयाची एक मुलगी तान्ह्या भावाला घेऊन बसली होती. ‘आज शाळा आहे ना? ही का नाही गेली?’ मुलीने विचारले. या वेळी मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि कोयता, उचल, सहा महिने बंद राहणारे गावाकडचे घर, जे ठाऊक होते ते सांगितले. सांगता सांगता त्या दगडी बुरुजापर्यंत पोहोचले. १ ऑगस्ट १८३४ रोजी तिथली गुलामगिरी संपली, हे सांगितले. कुऱ्हाडीचेही सांगितले.

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, ‘तेव्हाच सांगायचं होतंस. मी धरलं असतं ना त्याला.’