नऊ एकांची चढण

आमचा वाडा सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीजवळ. ओसरीवर आजोबांचा झोपाळा, समोर जमिनीवर माझी पाटी. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी मला अकराचा वर्ग घातला. १२१. मग १११ चा, १२३२१. चार एकांचा, १२३४३२१. "आता नऊ एक मांड," म्हणाले आणि पान लावायला बसले.

पाटी पुरेना. पाठकोरा कागद आडवा धरून मी नऊ एक नऊ वेळा लिहिले, दर ओळ एक घर डावीकडे सरकवत. बेरजेत हातचा एकदाही आला नाही. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, पुढच्यात दोन, मग तीन. मधोमध नऊ, आणि तिथून उतरण. १२३४५६७८९८७६५४३२१. मी ओरडलेच! आजोबांनी कागद घेतला आणि उजवीकडून एकेका अंकावर बोट ठेवत एकं, दहं, शतं म्हणत निघाले. सतराव्या अंकावर बोट थांबलं. "मध्य," ते म्हणाले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची अठरा नावं आहेत. मध्याच्या पुढे एकच, परार्ध.

या संख्येला घराणं आहे हे एस. पी. कॉलेजात शिकताना कळलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नदीपलीकडच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि देवळालीत नोकरीची सगळी वर्षं शाळामास्तर राहिले. जग त्यांना ६१७४ या स्थिरांकामुळे ओळखतं. मला ते जवळचे वाटतात ते या चढउताराच्या संख्यांमुळे. त्या त्यांना डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेम्लो, स्टेशनात सुचल्या, म्हणून त्यांनी नाव दिलं डेम्लो. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं. केवढं प्रेमाचं नाव! माझ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांना नवाने भागलं की १२३४५६७९ येतात, म्हणजे त्यांच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. माझी संख्या हर्षद निघाली, त्या रात्री मला झोप आली नाही. पण भागाकारातला तो आठ कुठे गेला, ते मात्र तेव्हा मनाला विचारलं नाही.

ते विचारलं नातीने, गेल्या दिवाळीत. वाड्याच्या जागी आता इमारत आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. "आजी, दहा एक घेतले तर?" म्हटलं, मांड. मधल्या घरात दहा झाले. हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला, पुन्हा दहा, पुन्हा हातचा. मग आठ होता त्याचा नऊ झाला आणि तिथे हातचा जिरला. १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखराच्या जागी दोन शून्यं, आणि अंक एकोणीस: परार्धही मागे पडला.

"मोडलं," ती हिरमुसली. "आणि आठ कुठंय?"

मी तिचं बोट उजव्या टोकाला ठेवलं. एक, दोन, तीन करत ती नवापर्यंत आली. या बाजूला आठ होता, सगळेच होते. दोन शून्यं ओलांडून ती पलीकडच्या नवावर थांबली. "हा आठच आहे ना? हातचा घेऊन बसलेला?"

मी मान हलवली. तिने कागद उलटला आणि अकरा एक मांडायला घेतले.