गालिचानो : ग्रीक बोलणारे इटालियन गाव

इटलीचा आकार बुटासारखा आहे, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. त्या बुटाच्या पुढील टोकाशी कालाब्रिया हा प्रांत आहे. सहल कंपन्यांच्या ठरावीक दौऱ्यांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा एवढेच येते. कालाब्रियापर्यंत सहसा कोणी जात नाही. तेथील आस्प्रोमोन्ते पर्वतात सुमारे 600 मीटर उंचीवर गालिचानो नावाचे खेडे आहे. वस्ती अगदी तुरळक. या खेड्यातील वृद्ध मंडळींची घरची भाषा इटालियन नव्हे, तर ग्रीक आहे. ते तिला ‘ग्रेको’ म्हणतात.

रेज्जो कालाब्रिया शहरापासून किनाऱ्याने जाणाऱ्या रेल्वेने कोंदोफुरी गाठता येते. पुढे मोटार हवी. रस्ता आमेन्दोलेआ नदीच्या खोऱ्यातून चढत जातो. उन्हाळ्यात ही नदी म्हणजे पांढऱ्या दगडगोट्यांचे विस्तीर्ण पात्र आणि त्यात पाण्याची बारीकशी धार. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा हेच पात्र रौद्र रूप धारण करते. वळणे अरुंद असल्याने वाहन चालविणाऱ्याने निसर्गशोभा न पाहिलेली बरी.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून ग्रीकांनी या किनाऱ्यावर वसाहती स्थापन केल्या. पुढे रोमन आले आणि त्यानंतर कित्येक शतकांनी बायझंटाईन साम्राज्याची सत्ता आली. आजची ग्रेको यांपैकी कोणत्या काळची, यावर विद्वानांत मोठा वाद झाला. इटालियन अभ्यासकांचा कल बायझंटाईन काळाकडे होता, तर गेरहार्ड रोल्फ्स या जर्मन भाषापंडिताने तिचे मूळ प्राचीन वसाहतींपर्यंत नेले. त्याच्या पुराव्यांत साधे शब्द होते. द्राक्षे तुडविण्याच्या हौदाला येथे ‘लानो’ म्हणतात. अथेन्सच्या प्राचीन बोलीत तो ‘लेनोस’ होता, ‘लानोस’ हे रूप डोरियन ग्रीकांचे. असा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी टिकला असेल, तर रोल्फ्सचे म्हणणे सहज झटकता येत नाही.

भाषा टिकली ती डोंगरामुळे. पैसा मात्र खाली, किनाऱ्यावर होता. रेज्जोच्या किनारपट्टीवर बर्गामोट नावाचे लिंबूवर्गीय फळ होते आणि जगातील त्याचे बहुतांश उत्पादन याच चिंचोळ्या पट्ट्यातून येते. फळ खाण्यासाठी फारसे नव्हे. त्याच्या सालीचे तेल अत्तरांत आणि ‘अर्ल ग्रे’ चहात जाते. एक किलो तेलाला सुमारे 200 किलो फळ लागते. तेव्हा त्याचा भाव काय असेल, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. हे झाड उंचावर तग धरत नाही. वर शेळ्या-मेंढ्या आणि थोडी शेती. तरुण मंडळी रोजगारासाठी खाली उतरली, उत्तर इटलीत गेली, परदेशी गेली.

तथापि केवळ स्थलांतराला दोष देऊन भागणार नाही. ग्रेको बोलणारा म्हणजे अडाणी, मागासलेला, अशी हेटाळणी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. शाळेत इटालियनच चाले. मुलाची थट्टा होऊ नये म्हणून आईबापांनीच घरात त्याच्याशी ग्रेको बोलणे सोडले. हा निर्णय मायेपोटी घेतलेला होता, म्हणूनच त्याची भरपाई कठीण झाली.

शेजारच्या रोगूदी गावाचे दुर्दैव वेगळे. 1971 साली आणि त्यानंतर आलेल्या पुरांमुळे सारे गाव रिकामे करावे लागले. रहिवाशांना पुढे समुद्रकाठी मेलितोजवळ नवी वस्ती मिळाली. कड्यावरची जुनी घरे आजही ओस आहेत. घरे मिळाली, पण अंगणातून अंगणात चालणारे बोलणे नव्या जागी तसे राहिले नाही.

इटलीने 1999 च्या 482 क्रमांकाच्या कायद्याने ग्रीकसह बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले. जवळच्या बोव्हा गावात रोल्फ्सच्या नावाने या भाषेचे संग्रहालय आहे. गालिचानोत पाट्या दोन्ही भाषांत लावलेल्या दिसतात. चौकाला ग्रीसमधील आलिमोस गावाचे नाव दिले आहे आणि ग्रीक पद्धतीचे एक छोटेसे दगडी उपासनागृहही आहे. जी भाषा लपवीत, ती आता पाहुण्यांना दाखविली जाते. मात्र पाटी लिहिणे सोपे, नातवाला बोलते करणे अवघड.

शाकाहारी प्रवाशाने जेवणाची सूचना आधीच द्यावी, कारण इकडे बकऱ्याच्या मांसाला मान आहे. बोव्हा परिसरातील ‘लेस्तोपित्ता’ ही गव्हाच्या पिठाची तळलेली पोळी मात्र आपल्या पुरीची आठवण करून देते. ती बहुधा मांसाच्या कापांसह किंवा चीजसह देतात, नुसती मागावी. जाण्यास वसंत ऋतू उत्तम. चौकातील बाकावर बसलेल्या वृद्धांना ‘कालिमेरा’ म्हणावे, म्हणजे सुप्रभात. आणि पाण्याला ‘नेरो’, घराला ‘स्पिती’ म्हणतात एवढे लक्षात ठेवावे. घाईने छायाचित्रे काढून निघण्यापेक्षा तासभर त्यांच्याजवळ बसावे.