ड्यूक, कोलट्रेन आणि दशावतारातली पेटी

जॅझमधलं मला फार कळतं अशातला भाग नाही. कॉर्ड, मोड वगैरे भाषा सुरू झाली की मी हळूच विषय बदलतो. पण काही रेकॉर्ड अशा असतात की त्या आवडायला फार काही कळावं लागत नाही. 'ड्यूक एलिंग्टन अँड जॉन कोलट्रेन' ही त्यातली एक. गेले तीन-चार शनिवार घरात हीच चालू आहे आणि घरचे आता वैतागलेत. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

ज्यांना जॅझशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. ड्यूक एलिंग्टन हा पियानोवाला, त्याहीपेक्षा मोठा बँडलीडर आणि संगीतकार. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये त्याचा बँड गाजत होता, म्हणजे कोलट्रेनला अजून नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून. जॉन कोलट्रेन हा सॅक्सोफोनवाला. १९६२ साली तो जॅझमधल्या नव्या, अवघड आणि बऱ्याच लोकांच्या मते कर्कश वाटणाऱ्या संगीताचा म्होरक्या होता. २६ सप्टेंबर १९६२ रोजी हे दोघं न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एकत्र आले. एलिंग्टन ६३ वर्षांचा, कोलट्रेनला ३६ पूर्ण होऊन तीन दिवस झालेले. दोघांनी आपापले बासवाले आणि ड्रमवाले आणले आणि आळीपाळीने वाजवले. सात रचना, जेमतेम पस्तीस मिनिटं. इम्पल्स कंपनीने १९६३ साली रेकॉर्ड बाजारात आणली. संपलं.

आता गंमत बघा. कोलट्रेनबरोबर पियानो वाजवणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. १९५९ साली त्याने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, तेव्हा पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता. चांगला कसलेला वादक. पण त्या रचनेतले कॉर्ड इतक्या वेगात बदलतात की त्याचा स्वतःचा सोलो आला तेव्हा तो अडखळत अडखळत गेला, आणि ते तसंच रेकॉर्डवर राहिलं. (फ्लॅनगनने पुढे १९८२ साली स्वतःच्या रेकॉर्डवर तीच रचना पुन्हा वाजवली. ह्याला म्हणतात जिद्द!) म्हणजे कोलट्रेनच्या मागे धावायला गेलं की दमछाक ठरलेली.

एलिंग्टन धावतच नाही. पहिलीच रचना आहे 'इन अ सेंटिमेंटल मूड', त्याची स्वतःची, १९३५ सालची. सुरुवातीला तो पियानोवर एक छोटासा तुकडा वाजवतो, मोजक्या सुरांचा. तोच पुन्हा. मग पुन्हा. नळातून थेंब पडावेत तसा. आणि त्यावर कोलट्रेन मूळ चाल घेऊन येतो, अगदी सरळ, फारशी नक्षी न करता. एरवी एका श्वासात शंभर सूर ओतणारा हा माणूस इथे एकेक सूर धरून उभा राहतो. कुणीही त्याला 'कमी वाजव' असं सांगितलेलं ऐकू येत नाही. पियानोत जागाच अशी सोडलेली आहे की तिथे धावपळ केली तर ती वाजवणाऱ्यालाच विचित्र वाटावी. पुढे 'टेक द कोलट्रेन'मध्ये उलट. तिथे कोलट्रेन सुटतो, आणि म्हातारा पियानोवरचे हात उचलून चक्क गप्प बसतो.

ह्या रेकॉर्डिंगची एक आठवण निर्माता बॉब थील ह्याने नंतर सांगितली आहे. 'सेंटिमेंटल मूड'चा पहिला टेक झाला. एलिंग्टन खूश. कोलट्रेन मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घासणारा माणूस, त्याला वाटलं आणखी एकदा करून बघू. त्यावर एलिंग्टनने थीलला सुचवलं की त्याला पुन्हा वाजवायला लावू नका, आता वाजवलं तर तो स्वतःचीच नक्कल करेल. विषय संपला. कोलट्रेननेही पुढे कबूल केलं की सगळं पुन्हा करायला आवडलं असतं, पण मग तो ताजेपणा राहिला नसता.

हे वाचलं आणि मला आमचा मामा आठवला.

मामा मालवणजवळच्या आमच्या गावचा. पेटीवाला. (हार्मोनियम म्हटलं की त्याला राग येतो.) भजनात वाजवायचाच, पण बरीच वर्षं जत्रांच्या दिवसांत दशावतारी कंपनीबरोबरही फिरला. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो: सिंधुदुर्गात दशावतारी नाटक रात्री उशिरा देवळासमोर सुरू होतं. आधी गणपती, सरस्वती, संकासुर वगैरेंचा आडदशावतार, मग पहाटेपर्यंत आख्यान. सामान काय, तर एक बाकडं. बायकांची कामंही पुरुषच करतात. आणि मुख्य म्हणजे लिहिलेली संहिता नसते! आज कुठलं आख्यान, कोण कुठलं सोंग घेणार, एवढं आत रंग लावता लावता ठरतं. बाकी संवाद उभ्या उभ्या रचायचे. समोरचा काय बोलेल ते त्यालाही माहीत नसतं.

ह्या सगळ्याच्या बाजूला पखवाज, झांज आणि पेटी. पेटीवाल्याचं काम बघण्यासारखं असतं. राजा तावातावाने बोलतोय, आता पद सुरू करणार की आणखी दोन वाक्यं बोलणार, हे पेटीवाल्याने त्याच्या खांद्याकडे बघून ओळखायचं. तोवर सूर धरून ठेवायचा. नवखा पोरगा घाबरून भलत्याच पट्टीत सुरू झाला, तर पेटीने ताबडतोब काळी दोनवरून त्याच्या पट्टीत जायचं आणि लोकांना कळू द्यायचं नाही. आणि जुना, लोकांचा लाडका नट रंगात आला की हात आवरता घ्यायचा. जाणत्या पेटीवाल्याला कळतं की आपण वाजवलं नाही हेसुद्धा वाजवणंच आहे. 'टेक द कोलट्रेन'मध्ये गप्प बसलेला ड्यूक मला म्हणूनच अनोळखी वाटला नाही.

जाता जाता एक योगायोग. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांद्र दबँने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं, आणि अडोल्फ सॅक्सने सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ साली, तेही पॅरिसमध्येच. दोन्ही पत्तीवर बोलणारी वाद्यं, एकाच शहरात चार वर्षांच्या अंतराने नोंदलेली. एक अमेरिकेत जाऊन कोलट्रेनच्या हातात पडलं, दुसरं हिंदुस्थानात येऊन जमिनीवर बसलं. असो.

काही वर्षांपूर्वी मी मामाचं वादन रेकॉर्ड करायचं ठरवलं. त्याच्या बोटांना तेव्हाच थोडा कंप सुरू झाला होता, म्हणून घाई. चांगला मायक्रोफोन घेऊन गेलो, पडवीत मांडला, पंखा बंद केला. मामाने नाटकात राजाच्या प्रवेशाला वाजवायचा ते वाजवलं. सुरेख. पण मध्येच मागच्या दारी एक कोंबडी जी काय ओरडली! शेवटी एके ठिकाणी बोटही जरा घसरलं. मी म्हटलं, "मामा, परत एकदा वाजव ना." मामाने भाता बंद करून कडी लावली.

"एकदा वाजवलंय मा? मगे परत कित्याक?"

मी कोंबडीचं कारण सांगितलं. त्यावर म्हणाला, "परत वाजवलंय तर तुका होया तसा येतला, माका होया तसा नाय."

आता मामा पेटी वाजवत नाही, बोटं ऐकत नाहीत. माझ्याकडे आहे ते एवढंच, चार मिनिटं, कोंबडीसकट. कोंबडी काढून टाकणारं सॉफ्टवेअर आता सहज मिळतं. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, बिघडलेलं दिसलं की हात शिवशिवतात. पण ती फाईल मी तशीच ठेवली आहे. ती कोंबडी त्या दुपारची आहे आणि घसरलेलं बोटही त्या दुपारचंच आहे.

ह्याचा अर्थ पहिला टेक नेहमीच चांगला, असा मुळीच नाही. पहिल्या झटक्यात लिहिलेला कोड मी रोज बघतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. कोलट्रेन तासन्‌तास रियाज करायचा. एलिंग्टनच्या मागे जवळजवळ चाळीस वर्षं बँड चालवल्याचा अनुभव होता. दशावतारी नटाला संहिता नसते, पण पुराणं, ओव्या, पदं तोंडपाठ असतात, म्हणून तर उभ्या उभ्या बोलता येतं. तयारी आधीच झालेली असते. नंतर घासत बसण्यात जे मिळतं ते सफाईदार असेल, पण ते त्या क्षणाचं नसतं, इतकंच.

आणि हा प्रश्न आता आमच्या गावाकडेही आला आहे. हल्ली दशावताराचे प्रयोग मोबाईलवर शूट होतात, यूट्यूबवर जातात. चांगलंच आहे, परदेशातल्या मालवणी माणसाला घरबसल्या नाटक दिसतं. पण मामाची एक तक्रार असते. एखाद्या नटाने कुठल्या तरी गावात सुचेल तसं एक भन्नाट वाक्य टाकलं आणि ते व्हिडिओत गाजलं, की पुढच्या जत्रेत लोक त्याच वाक्याची वाट बघत बसतात. मग तोही ते टाकतो. पुढच्या गावात पुन्हा. बिचाऱ्याचा दोष नाही, टाळ्या कुणाला नको असतात? पण संहिता नसलेल्या नाटकाला अशी हळूहळू संहिता चिकटते. एलिंग्टनला त्या दिवशी स्टुडिओत भीती वाटली ती नेमकी हीच असावी.

एलिंग्टन आणि कोलट्रेन पुन्हा कधी एकत्र रेकॉर्ड करायला बसले नाहीत. एलिंग्टन पुढच्याच वर्षी आपला बँड घेऊन भारतात येऊन गेला. कोलट्रेन १९६७ साली वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला, एलिंग्टन १९७४ मध्ये. म्हणजे एका दिवसाचं काम, तेवढंच काय ते आपल्या हाती लागलं.

मिळाली तर जरूर ऐका. आणि माझं ऐकाल तर पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे लक्षच देऊ नका. नुसता पियानो कुठे थांबतो ते ऐका.